येळवशीचे चेंडू

वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, अख्खा लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जातो. मग रोबोनं तरी एकट्यानं कॉलेजात बसून काय करायचं? म्हणून यंदा चाकूरच्या रामकिशनच्या बांधावरून जी वरात निघाली, तिच्यात डोक्यावर आंबिलानं भरलेली बिंदगी घेतलेली गुणाबाई पुढं होती, भाज्या-शेंगांच्या पातळ भज्जीचं पातेलं सांभाळणारे पाहुणे मध्ये होते आणि सगळ्यांत मागं, ऋतुजा आणि सुगत यांनी दोन्हीकडून उचलून धरलेला 'उडवाउडवी' होता.

उडवाउडवी हे रोबोचं नाव. ऋतुजा ही रामकिशन-गुणाबाईची थोरली लेक. लातूरच्या एका तंत्रनिकेतनात ती शेवटच्या वर्षाला होती आणि कंधारचा सुगत तिच्याच वर्गात. दोघांनी मिळून हा चेंडू फेकणारा रोबो बनवला होता. खाली चार चाकांचा सांगाडा, वर चेंडू ठेवायची नळी आणि नळीच्या तोंडाशी गरगर फिरणारी दोन रबरी चाकं. चेंडू त्या दोन चाकांच्या चिमटीत सापडला की सुटायचा तो थेट आभाळाकडं.

आणि चेंडू आभाळाकडं सुटला की ऋतुजाही त्याच्याबरोबर जायची. मुलगी मुळातच स्वप्नाळू. चेंडू वर चढतो, एका जागी क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबतो आणि मग जड मनानं खाली यायला लागतो, त्या मधल्या थांबण्यावर तिचा भारी जीव. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारली तरी ऐकू जात नसे. सुगतचं सगळं उलट. तो चेंडूकडं बघायचाच नाही. तो कुठं पडला तेवढंच बघायचा आणि तिथं खडूची खूण करायचा. अशा दोघांचं जमलं कसं, हे कॉलेजात कुणालाच कळलेलं नव्हतं.

यंदा मात्र स्वप्नं बघायची सोय राहिली नव्हती. कॉलेजातल्या रोबोच्या खोलीवर प्राचार्य विरूपाक्ष सरांचा डोळा होता. सरांना तिथं जनरेटर ठेवायचा होता. त्यांनी दोघांना बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "दरसाल तुमचा रोबो चेंडू फेकतो अन दरसाल तो भलतीकडं जातो. विचारलं की उडवाउडवीची उत्तरं. नाव बी तेच ठिवलंय. आता नांदेडच्या स्पर्धेत पहिली फेरी पार करा, खोली तुमची. न्हाई तर किल्ली माझ्या टेबलावर."

"सर, पहिली फेरी पार होतीच," ऋतुजा म्हणाली होती.

"कशावरून?"

"मला चेंडू आत जातानी दिसून राहिला, सर."

"मला बी जनरेटर दिसून राहिला," सर म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं.

त्या खोलीवर ऋतुजाचा जीव होता. हॉस्टेलच्या कलकलाटात जे सुचत नाही ते तिथं सुचायचं. शिवाय पहिल्या वर्षाच्या चार मुली आत्ताच संध्याकाळी तिथं येऊन बसायला लागल्या होत्या. त्या नट आवळायचे पाने हातात घ्यायच्या आणि कशासाठी घेतले ते विसरून गप्पा मारायच्या. आपण पास होऊन जाऊ, पण या पोरी कुठं बसणार, असं ऋतुजाला वाटायचं.

उडवाउडवीचं दुखणं एकच होतं. पहिला चेंडू ऐटीत जायचा आणि दुसरा वाटेतच बसकण मारायचा. पहिला चेंडू जाताना चाकांचा जोर घेऊन जायचा, मग दुसऱ्याला काय उरणार? यावर ऋतुजानं चाकांना आतून लोखंडी कड्या बसवल्या. जड चाक फिरायला आळशी, पण एकदा फिरलं की थांबायलाही तेवढंच आळशी. येळवशीच्या दुपारी, भज्जी-आंबिल पोटभर झाल्यावर, शेतात त्याची परीक्षा झाली. एकामागून एक चेंडू ज्वारीच्या कणसांवरून गेले. पोपटांचा थवा उठला, वाऱ्यानं सगळं रान एकीकडं कललं आणि चेंडू मात्र आपल्या वाटेनं शांतपणे जात राहिले. कडब्याच्या कोपीत बसलेली बायामाणसं खाणं सोडून बघत राहिली. पलीकडं हरभऱ्यात टोपली घेऊन उभा असलेला सुगत ओरडला, "आत! अन हा बी आत!"

आता या चेंडूंविषयी सांगायला हवं, कारण घोटाळा तिथंच झाला. ते स्पंजाचे होते. विकत घेतले तेव्हा पिवळे होते, पण खोलीतली धूळ आणि चाकांचं रबर खाऊन खाऊन त्यांचा रंग मळकट तपकिरी झाला होता. गुणाबाईनं ते पहिल्यांदा बघितले तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, हे तर उंडेच की!" येळवशीला बाजरीच्या पिठाचे तीळ लावलेले गोळे उकडतात, ते उंडे. आकार तोच, रंग तोच. त्या दिवसापासून चेंडूंचं नाव उंडे पडलं. सुगत बाजारात जाऊन "स्पंजाचे उंडे हायेत का" असं विचारून आला होता. गुणाबाईनंही यंदा कौतुकानं खरे उंडे लेकीच्या चेंडूच्या मापाचेच वळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप नांदेडला निघाली. रोबो दोरीनं बांधला. सुगत पुढं बसून हाका मारत होता आणि ऋतुजा बांधावर उभी राहून धुक्यातून वर येणाऱ्या ज्वारीकडं बघत होती. चेंडू धुक्यात फेकला तर तो वर गेल्यावर दिसेल का, असा तिच्यापुढं प्रश्न होता.

"ऋतुजा, चल की! उशीर करून राहिली!"

ती धावत येऊन गाडीत चढली आणि तिथूनच ओरडली, "आई, उंड्याची पिशवी दे!"

आता लेक परगावी चाललीय, शिळ्या उंड्यांची पिशवी मागतेय, यात आईला वावगं काय वाटणार? उलट गुणाबाईला भरून आलं. तिनं कापडी पिशवी दिली, वरून अजून चार उंडे कोंबले आणि म्हणाली, "सगळ्याला द्या बरं का. एकटेच खाऊ नका."

पिकअपच्या आवाजात शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. पिशवी ऋतुजाच्या मांडीवर होती. ती जरा जड लागत होती, पण ऋतुजाला वाटलं, मनावर दडपण आहे म्हणून वाटत असेल.

नांदेडच्या सभागृहात कॉलेजाकॉलेजांचे रोबो रांगेत उभे होते. नियम सोपा होता. रेषेच्या मागून आठ चेंडू उंच टांगलेल्या टोपलीकडं फेकायचे आणि त्यांतले पाच आत गेले की फेरी पार. चेंडू आपापले आणायचे आणि खेळाआधी ते तपासून घ्यायचे. तपासणीच्या टेबलावर धम्मप्रिया मॅडम होत्या. नांदेडच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या, वयानं तरुण आणि नियमाला पक्क्या. स्पर्धेच्या मुख्य पंचही त्याच.

सुगतनं पिशवीत हात घातला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या बोटांना तीळ चिकटले होते.

"ऋतुजा," तो हळूच म्हणाला, "हे उंडे हायेत."

"मग? उंडेच तर आणायचे होते."

"न्हाई. हे *उंडे* हायेत."

ऋतुजानं पिशवीत तोंड घातलं. आतून बाजरीचा खमंग वास आला. तिनं लगेच घरी फोन लावला.

"आई, उंड्याची पिशवी कुठंय?"

"तुलाच दिली की सकाळी."

"ती न्हाई ग! आमच्या उंड्याची!"

पलीकडं हातातलं भांडं खणकन पडलं. मग गुणाबाईचा आवाज आला, "अगं बाई! मग ह्यांनी श्रीशैलदादाला काय वाढलं?"

श्रीशैलमामा म्हणजे गुणाबाईचा निलंग्याचा भाऊ. काल त्याची बस चुकली म्हणून तो आज शिळी येळवस खायला आला होता. गुणाबाई भांडी घासत होती म्हणून रामकिशननं आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला स्वतःच्या हातानं वाढलं. दिसली त्या पिशवीतून दोन उंडे काढले, ताटात ठेवले आणि वरून भज्जी ओतली. फोन आता त्याच्या हातात आला.

"ऋतुजा, मी म्हनतच होतो की ताटातली भज्जी गेली कुठं. दोनदा वाढली, दोनदा गायब."

मागून मामाचा नम्र आवाज आला, "राग येऊ देऊ नको माय, पन यंदाचा उंडा तुटंना. दाबला की भज्जी सोडतो, सोडला की परत पितो. गुणाचं मन मोडू नये म्हनून मी घंटाभर चावून राहिलो."

"मामा, थुंका! तो चेंडू हाय!"

"हाव का?" मामा म्हणाला आणि त्याच्या आवाजात खरोखरच सुटका होती. "तरी म्हनलं, गुणाचा हात असा कसा बिघडला."

फोन ठेवण्याआधी ऋतुजानं आईला विचारलं, "आई, खरे उंडे फेकले तर पाप लागंल का ग?" समोर दुसरा रस्ता उरला नव्हता आणि अन्न फेकायचं म्हणताना तिचा जीव कासावीस होत होता.

गुणाबाईनं लगेच निकाल दिला. "काल चर शिंपली तवा चारी दिशेला अन्न टाकलंच की आपुन. शेताला चालतंय ते नांदेडला का न्हाई चालनार? फेक. पन खाली पडलेलं कुनाच्या पायाखाली येऊ देऊ नको. चिमन्याला टाक."

तपासणीच्या टेबलावर धम्मप्रिया मॅडमनी उंडा हातात घेतला, फिरवला, वास घेतला. "हे काय आहे?"

"मॅडम, बायोडिग्रेडेबल चेंडू," सुगत म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, पण हे खोटं नव्हतं, त्यामुळं कान जागच्या जागी राहिले.

मॅडमनी नियम चाळले. चेंडू गोल असावा, सगळे एकाच मापाचे असावेत, मापाच्या कडीतून आरपार जावेत. कशाचे असावेत हे कुणी लिहिलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्यानं येळवस बघितलेली नव्हती. मॅडमनी आठही उंडे कडीतून घातले. गुणाबाईच्या मुठीचं माप एकदम चोख निघालं.

"खेळा," मॅडम म्हणाल्या. "पण तीळ पडले तर झाडून घ्यायचे."

आता खरी कसोटी होती. स्पंज दबतो, उंडा दबत नाही. ऋतुजानं पाना घेऊन दोन चाकांतली फट उंड्याएवढी मोठी केली. उंडा जड, म्हणून चाकांचा वेग वाढवायला हवा होता, पण किती, ते फेकून बघायला जास्तीचे उंडे नव्हते. पिशवीतले उरलेले चार प्रवासात हिसके बसून फुटले होते.

"किती ठिवू?" सुगतनं विचारलं.

ऋतुजानं डोळे मिटले. तिला रान दिसलं, ज्वारी दिसली. तिनं मनातल्या मनात एक उंडा कोपीवरून पलीकडं फेकला. "अजून जरा. अजून. बास."

"हे काय गणित हाय का?" सुगत पुटपुटला, पण त्यानं वेग तिथंच ठेवला.

त्यांची पाळी आली. टोपलीच्या खाली संयोजकांनी पत्र्याची एक घसरगुंडी केली होती. आत पडलेला चेंडू तिच्यावरून घरंगळत थेट पाहुण्यांच्या टेबलावरच्या मोठ्या परातीत यायचा, म्हणजे मान्यवरांच्या डोळ्यांदेखत मोजणी. त्या टेबलाशी, बरोब्बर परातीसमोर, विरूपाक्ष सर बसले होते. स्पर्धेच्या बैठकीसाठी सर आदल्या दिवशीच नांदेडला आले होते. म्हणजे येळवशीच्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा, ते शेतात नव्हते. संयोजकांनी त्यांना पुलाव खायला घातला होता. सकाळपासून त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि मुलांना वाटत होतं की तो जनरेटरमुळं.

शिट्टी झाली. चाकं घरघरली. पहिला उंडा सुटला.

ऋतुजाला सभागृह दिसेनासं झालं. स्पंजाचा चेंडू पंख्याच्या वाऱ्यानं डळमळायचा, उंडा डळमळला नाही. तो भरल्या पोटाच्या माणसासारखा निवांत वर चढला, वर पोचल्यावर थांबला, इतका वेळ थांबला की ऋतुजाला त्याच्यावरचा एकेक तीळ दिसला, आणि मग हळूच टोपलीत उतरला. मागं हवेत पिठाचा बारीक धूर तरंगत राहिला. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर हेच करत राहावं, असं तिला वाटलं.

दुसरा वाटेत बसला नाही. तोही आत. तिसरा कडेला लागून फुटला आणि सुगत तुकडे गोळा करायला धावला. चौथा आत. पाचवा घसरला, कारण एव्हाना चाकांना पीठ लागलं होतं. सहावा आत. सातवा जरा तिरका सुटून बाहेर पडला. आठवा वर गेला, टोपलीच्या काठावर टेकला, कुठल्या बाजूला जावं याचा विचार करत बसला आणि आत पडला.

"पाच!" सुगत ओरडला. "पाच झाले!" पडलेले चेंडू मोजणारा माणूस तो, त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

धम्मप्रिया मॅडम परातीपाशी आल्या. त्यांनी मोजलं. परत मोजलं. "चार आहेत."

"मॅडम, पाच गेले!"

"गेले असतील. नियम परातीतले मोजायचा आहे. चार."

सुगत वेड्यासारखा घसरगुंडीखाली, खुर्च्यांखाली शोधू लागला. "सर, जरा पाय उचलता का?" विरूपाक्ष सरांनी काही न बोलता दोन्ही पाय उचलले. ऋतुजा जागेवरून हलली नाही. तिनं सरांकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं. सरांचा उजवा गाल फुगलेला होता आणि मिशीला तीळ लागले होते.

झालं होतं ते अगदी साधं होतं. माणूस येळवशीच्या जेवणाला मुकलेला. समोर परात. आणि वरून, कुणी मागितलं नसताना, एकामागून एक उंडे येऊन परातीत बसतायत. पंगतीत बसलेल्या माणसानं अशा वेळी काय करावं? सरांचं मन शेतात गेलं होतं आणि हात आपलं काम करून गेला होता.

ऋतुजापुढं प्रश्न होता, भर सभेत प्राचार्यांकडं बोट दाखवून "सरांनी खाल्ला" असं म्हणायचं? सरांनी नुसती नकाराची मान हलवली की खोली गेली, जनरेटर आला.

"सर," धम्मप्रिया मॅडम वळल्या, "तुम्ही परातीजवळच होतात. पाचवा चेंडू आत गेलेला तुम्ही बघितला का?"

सरांना लगेच बोलता येईना. बाजरी टाळ्याला चिकटते. त्यांनी ग्लास उचलला, सावकाश पाणी प्यायले, रुमालानं मिशी पुसली. सरांनी एकदा ऋतुजाकडं बघितलं.

"बघितला," ते म्हणाले.

"आत गेला?"

"गेला."

"मग आता कुठं आहे?"

"आतच हाय," सर म्हणाले आणि त्यांनी पोटावर हात ठेवला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. धम्मप्रिया मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नियमावली उघडली, बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"आत गेलेला चेंडू उसळून बाहेर आला तर गुण द्यायचा नाही, एवढंच इथं आहे," त्या म्हणाल्या.

"न्हाई येत बाहेर," सर म्हणाले. "लई चांगला बसलाय."

मॅडमनी पाच लिहिले आणि खाली सही केली. सुगत टेबलाखालून डोक्याला कोळ्याची जाळी लागलेला बाहेर आला. फेरी पार झाली हे कळल्यावर तो ऋतुजाकडं बघून नुसताच तोंड उघडत-मिटत राहिला. ऋतुजाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

जरा वेळानं विरूपाक्ष सर उठून उडवाउडवीपाशी आले. त्यांनी पिठानं माखलेल्या चाकांवरून बोट फिरवलं आणि घसा खाकरला.

"जनरेटर काय, बाहेर पत्र्याखाली बी चालतो," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पुढच्या फेरीला तेवढी माझी खुर्ची परातीपासून लांब ठिवा. माझा मला भरवसा न्हाई."